शामराव इन्स्पेक्टर आणि लाल ठिपका

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटचा ठिपका आहे. तांदूळ, तूरडाळ, रवा, साखर यांच्यावर हिरवा. फरसाण, बिस्किटं असल्या वस्तू, ज्यांच्या पोटात नक्की काय आहे ते छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यांच्यावर पिवळा. लाल ठिपक्याचा डबा आमच्या घरात सापडणार नाही, कारण लाल ठिपका पडला की वस्तू त्याच दिवशी घराबाहेर जाते. माझ्या मावससासूबाईंनी नागपंचमीला प्रेमानं आणलेले शेंगदाण्याचे लाडू असेच डब्यासकट परत गेले. डबा स्टीलचा, त्यावर मावशींचं नाव कोरलेलं. नावाशेजारचा लाल ठिपका काही केल्या निघत नाही आणि मावशी प्रत्येक लग्नात तो विषय काढतात.

हे रंगकाम माझ्या सासऱ्यांचं. नाव शामराव, पण शिरोली एमआयडीसीपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणतात. एका फाउंड्रीत त्यांनी चौतीस वर्षं ओतीव माल तपासला. भट्टीतून निघालेला तुकडा घ्यायचा, हातोडीनं टण्णकन वाजवायचा, कान देऊन ऐकायचा आणि रंग मारायचा. हिरवा म्हणजे गाडीत भरा, पिवळा म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे परत भट्टीत. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं. मामंजींनी तो नारळ स्टेजवरच कानाशी धरून हलवला, टिचकी मारली आणि माइकसमोर म्हणाले, "ह्यो नासका हाय." घरी येऊन फोडला, तर नासकाच निघाला. साहेबांना फोन करून कळवल्याशिवाय ते त्या दिवशी जेवले नाहीत.

समोर राहायला आलेल्या एका भाडेकरूला वाटलं, हे पोलिसातले. त्यानं दोन महिने रोज सकाळी सलाम ठोकला आणि आपली कागदपत्रं नसलेली मोटरसायकल गल्लीच्या पार टोकाला लावली. मामंजींनी खुलासा केला नाही. "सलाम आपल्या पायानं चालत येतोय. मी कशाला रिजेक्ट करू?"

आता माझ्याबद्दल. मला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. चिमूटभर कूट पोटात गेलं तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळत येतो. शिवाय लहानपणापासून हातांना इसब. थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि मी शाळेत गणित शिकवत असल्यामुळे खडू काही सुटत नाही. शेंगदाणा न चालणाऱ्या बाईनं जन्माला कुठं येऊ नये असं कुणी विचारलं तर मी कोल्हापूर जिल्ह्याचं नाव घेईन. इथं वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट, आणि भाजीत कूट दिसलं नाही तर घरात कुणी आजारी आहे का म्हणून चौकशी होते. "एवढ्याशानं काय होतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला चाल लावता येईल.

माझं माहेर हातकणंगल्याचं. लग्नाचं बघायला लागले तेव्हा दोन स्थळं माझे हात पाहून परत गेली. तिसऱ्यांनी मध्यस्थाकडून "लागण होते का?" असं विचारून घेतलं आणि उत्तर ऐकायला काही थांबले नाहीत. त्यामुळे मामंजी मंडळी आली त्या दिवशी आईनं मला बजावलं होतं, हात पदराखाली ठेव आणि शेंगदाण्याचं लग्नानंतर बघू. पोह्यांत मात्र तिनं पाहुण्यांचा मान म्हणून मूठभर शेंगदाणे जास्तच घातले. मी बशा दिल्या. मामंजींनी एक घास खाल्ला आणि चमचा थांबवला.

"पोरी, तू का खाईनास?"

"मला नकोत."

"पोहे केल्यात कुणी?"

"तिनंच की," आई घाईनं म्हणाली. तेही खोटंच होतं.

"तिनं केल्यात आन् तीच खाईना. मग आम्ही कुणाच्या भरवशावर खायाचं?"

मला राग आला. आईवर, पोह्यांवर, सगळ्यांवरच. मी पदर बाजूला केला, हात पुढं धरले आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगून टाकलं. शेंगदाण्यानं काय होतं, हाताला काय झालंय, लागण होत नाही, पुरतं बरंही होत नाही, सांभाळावं लागतं. आईनं डोळे मिटून घेतले. मामंजींनी चष्मा लावून माझ्या हातांकडं नीट पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"डाग आधी दाखवून माल देणारी पार्टी मी चौतीस वर्षांत बघितली न्हाय," ते म्हणाले. "आमच्याकडनं ओके."

मला माल म्हटलं म्हणून मी चार दिवस धुमसत होते. होकार दिला तो मुलगा आवडला म्हणून, मामंजींच्या शेऱ्यामुळे नव्हे. पण खरं ते सांगायला हवं. माझे हात पाहून ज्यांचा आवाज बदलला नाही असे मामंजी पहिलेच परके होते.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते माझ्याबरोबर डॉक्टरांकडं आले, वहीपेन घेऊन.

"साहेब, हिला टॉलरन्स किती धरायचा?"

"शेंगदाण्याचा? शून्य."

मामंजींचा चेहरा उजळला. परतताना रिक्षात ते मला म्हणाले, "शून्य टॉलरन्सचं काम आमच्या कंपनीत कधी आलंच न्हाय बघ. आयुष्यभर वाट बघितली." तेव्हापासून घरात शेंगतेल बंद. रोज संध्याकाळी भाजलेल्या शेंगा आणि गूळ घेऊन ते अंगणात फोडत बसायचे, तेही बंद. कुणी विचारलं तर "दात हलत्यात" म्हणायचे. दात सगळे शाबूत आहेत. धाप लागली तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढं वाक्य त्यांनी पाच कागदांवर लिहून घरात, गाडीत आणि माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या पाकिटात ठेवलं. हातांना आंघोळीनंतर लगेच मलम लावायला हवं, म्हणून न्हाणीघराबाहेरून रोज आरोळी यायची, "सूनबाई, मलम!" घरात पाहुणे असले तर जरा मोठ्यानं.

हॉटेलात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. एका मिसळवाल्याला त्यांनी विचारलं, "तुमची प्रोसेस काय हाय? कट कशात करता, पळ्या किती?" तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "पावणं, मिसळ खायला आलाय का धाड टाकायला?" मी खाली मान घालून बसले. पण त्या मान घालण्यात एक सुख होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या ताटाची काळजी माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी करत होतं, आणि मी नुसती जेवणार होते.

गेल्या वर्षी हुपरीला लग्न होतं. मामंजींच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या नातवाचं. घरात पैंजणांचा कारखाना, माणसं दांडगी, पाचशे पानं. मामंजी दोन दिवस आधीच हुपरीला जाऊन धडकले. मांडवापासून दवाखाना किती लांब ते घड्याळ लावून मोजलं. चार मिनिटं. मग आचाऱ्याच्या मागं लागले की माझ्यासाठी वरणाचं एक पातेलं वेगळं पाहिजे.

आचारी वैतागला. "इन्स्पेक्टर, पाचशे पानं वाढायची हायत. तुमच्या एका पानाचं काय घेऊन बसलाय?"

"पाचशेबी एक-एकच असत्यात की," मामंजी म्हणाले. पातेलं वेगळं लागलं.

लग्नाच्या दिवशी पंगतीआधी ते खिशात स्वतःचा चमचा घालून आत गेले आणि सगळं चाखून बाहेर आले. मांडवात उभं राहून जाहीर केलं, "वरण-भात ओके. जिलेबी ओके. वांगं, कोशिंबीर रिजेक्ट!" पंगत हसली. आक्का म्हणाल्या, "शाम्या, सून आणलीयास का सोन्याची वीट?" मीही हसले आणि जेवायला लागले.

चौथ्या घासाला ओठ जड झाला. मी पाणी प्यायले. घसा खाजायला लागला. मी काही बोलायच्या आत समोरून मामंजींचा आवाज आला, "संदीप, गाडी काढ!" सनई बंद पडली असावी इतका तो मोठा होता. चार मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. मांडीत इंजेक्शन बसलं आणि थोड्या वेळानं माझा श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आता संध्याकाळपर्यंत इथंच राहू दे.

मामंजींनी बाहेरून आचाऱ्याला फोन लावला. तो देवाची शपथ घेऊन सांगत होता की त्या पातेल्यात डाळ, हळद, मीठ यांशिवाय काही गेलेलं नाही. मामंजी त्याला एकेक पायरी विचारत होते. मग स्वतःच्या पायऱ्या मोजायला लागले. आधी वांगं चाखलं. मग कोशिंबीर. मग वरण. इथं ते थांबले. खिशातून चमचा काढला. त्याच्या खोलगट भागात वांग्याचं तेल आणि कुटाचे दोन कण तसेच होते.

ते आत आले आणि तो चमचा माझ्या खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला.

"माल चांगला हुता," ते म्हणाले. "तपासणी खोटी हुती."

"मामंजी, तुम्ही अंतर मोजलं होतं म्हणून मी वेळेत पोचले," मी म्हटलं. ते खरं होतं आणि मला मनापासून म्हणायचं होतं. त्यांनी ऐकलं नाही. स्टुलावर बसले आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागले. बोलणं माझ्या सासूबाईंबद्दल होतं. त्या माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधी हृदयाच्या झटक्यानं गेल्या. मी त्यांना फोटोतच पाहिलंय.

"तिच्या हातालाबी असंच हुतं. भांडी घासून भेगा पडायच्या. वांगं खाल्लं की घसा खाजतोय म्हणायची. मी म्हणायचो, कामाची टाळाटाळ. आक्का म्हणायची, नखरं. ती गप बसायची. तुझ्या डॉक्टरनं सांगितलं तवा कळलं, असं असतंय. ती त्यानं गेली न्हाय. पर सव्वीस वर्षं ती सांगत हुती. साऱ्या गावाचा माल तपासला मी. तिचं म्हणणं एकदाबी तपासून बघितलं न्हाय."

मी त्यांचा हात धरला. आमच्याकडं सुना सासऱ्यांचा हात धरत नाहीत, पण त्या वेळी तेवढंच सुचलं.

नंतरचे आठ दिवस घर ओळखू येईना. किराणा आला, डबे भरले, कुणी रंगाची डबी उघडली नाही. सकाळची आरोळी बंद. मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे आणि तिथूनच फिरायचे. वडिलांना आण्णा म्हणणारा संदीप म्हणाला, "चला, आण्णा शांत झाले." मला मात्र घास गिळवेना. मसाल्याची पुडी उघडताना हात थांबायचा. लग्नाआधी जशी मी एकटीच सावध असायचे तशी परत झाले होते, आणि आता ते पूर्वीसारखं जमतही नव्हतं. आयत्या विश्वासाची सवय लागली होती मला.

शनिवारी सकाळची शाळा करून दुपारी घरी आले, तर स्वयंपाकघरात धूर. मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला होता. ओट्यावर डाळ सांडलेली, फोडणी करपलेली, आणि सगळी भांडी नव्यानं घासून ओळीनं पालथी घातलेली. माझं ताट वाढलेलं होतं. वरण आणि भात.

"सगळं धुऊन केलंय," ते दारातूनच म्हणाले. "पर चव बघितली न्हाय. चमचाच घातला न्हाय आत."

मी पाटावर बसले. त्यांना म्हटलं, तुम्हीही बसा, माझ्याबरोबरच जेवा. ते आत आले आणि समोर बसले, पण स्वतःला वाढून घेतलं नाही.

"ती कायम सगळ्यांच्या मागनं जेवायची," ते म्हणाले. "काय खायाची, काय टाकायची, मी कधी बघितलंच न्हाय. तू जेव. मी बघतो."

मी पहिला घास घेतला. वरणात मीठ अजिबात नव्हतं. मी तसं सांगितलं. ते उठले, साबणानं हात धुतले, कोरडे केले, मीठ आणून माझ्या ताटात चिमूटभर वाढलं आणि पुन्हा समोर येऊन बसले. जेवताना कुणी माझ्याकडं टक लावून पाहिलं की मला जेवण जात नाही. त्या दुपारी मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि मुद्दाम सावकाश जेवले.