मधल्या सीटवरचा बिघाड

गाडीत स्टिरिओ बसवायला मेकॅनिक कशाला हवा? लाल वायर लालला, काळी वायर काळीला, की झालं! असं मी सासरी, भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत बोलून गेलो. आणि ही काही हवेतली बढाई नव्हती. आमच्या स्वतःच्या गाडीतला रेडिओ अधूनमधून आपोआप बंद पडतो. तो मी इतक्या वेळा उघडून परत बसवलाय की या विषयातला माझा अभ्यास दांडगा आहे. तो अजूनही बंद पडतो, हा भाग वेगळा.

प्रश्न होता सासऱ्यांच्या व्हॅनचा. ही व्हॅन माझ्या बायकोहून वयानं थोडीशीच लहान. तिचं दार सरकवायला दोन माणसं लागतात आणि खाली गेलेली काच वर यायला पुष्कळ मनधरणी करून घेते. पण बायको त्याच व्हॅनमधून शाळेत गेली आणि लग्नानंतर त्याच व्हॅनमधून सामानासकट माझ्या घरी आली. सासऱ्यांनाही गाडीचं बाकी सगळं चालत होतं. सहन होत नव्हता तो फक्त रेडिओ. गाणं ऐन रंगात आलं की तो बंद पडायचा, आणि सासऱ्यांना तर रेडिओबरोबर गायची भारी हौस. हे दुःख मला कळतं, कारण मीही गाडी चालवताना गातो. कितीदा दुरुस्त करूनही रेडिओ सुधारेना, तेव्हा त्यांनी कंटाळून कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला शब्द दिला, की शनिवारी संध्याकाळी ये आणि गाडी घेऊन जा.

तो शनिवार उजाडला आणि बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. मला राहवेना. मी म्हणालो, "बाबा, संध्याकाळच्या आत नवा स्टिरिओ वाजवून दाखवतो. वाजला तर गाडी विकायची नाही."

"वाजला आणि वाजत राहिला तर," सासरे म्हणाले. माणूस पक्का.

दुपारपर्यंत मी डॅशबोर्ड उघडून जुना रेडिओ काढला. त्याला वीज देणारी वायर शाबूत होती, तीच नव्या स्टिरिओला जोडली. किल्ली फिरवली आणि गाणं असं खणखणीत सुरू झालं की शेजारचे खिडकीत आले. मी त्यांच्याकडे पाहून हलकेच मान लववली. मग एक फेरी मारायचं ठरलं. सासरे स्टिअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी, मधल्या सीटवर सासूबाई, मागे बायको. गल्लीच्या टोकाला सासऱ्यांनी सूर लावला आणि स्टिरिओ ठप्प!

"हेच ते," सासरे म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण थोडं समाधानही होतं.

घरी आलो, सगळे उतरायला लागले, सासूबाई सगळ्यांत शेवटी. मी फ्यूज बघायला वाकलो, तर स्टिरिओ आपणहून वाजायला लागला. आता काय म्हणावं! फ्यूज ठणठणीत होता. तरी मी एकेक वायर घट्ट केली, वर टेप गुंडाळली. मग गाडी दारातच उभी ठेवून सगळ्यांना पुन्हा आपापल्या जागी बसवलं. सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि स्टिरिओनं मिटलं.

खरं सांगतो, इथे मला राग यायच्या ऐवजी गंमत वाटायला लागली. हे होतंय तरी कशानं? पहिला संशय मधल्या सीटवर. वजन पडून खालची एखादी वायर दबत असेल. पण जावयानं सासूच्या वजनाचा विषय काढायचा कसा? मी आपलं, "आई, जरा पाय मोकळे करून या," असं म्हणून त्यांना उतरवलं. त्यांच्या जागी धान्याचं पोतं ठेवलं आणि पोत्यावर बायकोला बसवलं. सासरे अख्खं गाणं गायले. स्टिरिओ वाजत राहिला. मग सासूबाईंना परत बसवून सासऱ्यांना गप्प राहायला सांगितलं. तरी वाजत राहिला. मग त्यांना न गाता मोठ्यानं बोलायला लावलं, तर ते पाण्याच्या टाकीबद्दल तावातावानं बोलले. तरी वाजतोय! पण सासूबाई गाडीत आणि सासरे सुरात, असे दोन्ही योग जुळून आले की बंद.

बायको म्हणाली, "मला विचारशील तर आईला मागे बसव आणि मी मध्ये बसते. सुटला प्रश्न."

मी तिला समजावलं, की हा उपाय झाला, कारण नव्हे, आणि कारण शोधल्याशिवाय मी थांबणारा नव्हे. तिनं नुसतं आईकडे पाहिलं. सासूबाईंना या साऱ्याचं जराही नवल वाटत नव्हतं, हे खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एवढ्यात लाँड्रीवाला आला. कपडे टांगायचा दांडा आत मावेल का, म्हणून तो मागच्या दारातून मापं घ्यायला लागला. बायकोचा चेहरा एवढासा झाला. मी टॉर्च घेतला, मधल्या सीटच्या मागून खाली सरपटत शिरलो आणि ओरडून सांगितलं, "बाबा, गा!"

पहिली ओळ निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या ओळीला माझ्या नाकासमोर सासूबाईंची चप्पल हलली. टाच अलगद उचलली गेली आणि गालिच्याच्या कोपऱ्याखालच्या एका काळ्या बटणावर टेकली. टक्! गाणं बंद.

मी वर पाहिलं. सासूबाई रुमाल उचलायच्या निमित्तानं खाली वाकल्या.

"जुन्या मेकॅनिकनं बसवून दिलंय," त्या कुजबुजल्या. "ही पहिलीत होती तेव्हा. बोलू नका कुठे."

"पण आई, या बटणापायी गाडी चाललीय."

"जाऊ दे हो. नवी घेतील."

"नव्या गाडीत हे बटण नसेल," मी म्हणालो. "आणि तिच्यातला रेडिओ कधीच बंद पडणार नाही."

हा विचार त्यांनी केलेला दिसत नव्हता. त्यांनी रुमाल उचलला. मग टाच पुन्हा टेकली आणि स्टिरिओ सुरू झाला. सासरे शेवटपर्यंत गायले, मधली वाद्यंसुद्धा तोंडानं वाजवली. सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारख्या बसून होत्या. लाँड्रीवाल्यानं आपली टेप गुंडाळली आणि तो गेला. बायकोनं सीटच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि ती खुदकन हसली. मला फार बरं वाटलं.

सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. "जावईबापू, बिघाड होता तरी कुठे?"

"मधल्या सीटखाली एक जुना कॉन्टॅक्ट होता," मी म्हणालो.

"म्हणजे आता पूर्ण गेला?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. "चढावर पडेल बंद कधीतरी, असं जावईबापू म्हणत होते," त्या शांतपणे म्हणाल्या.

"तेवढं चालेल," सासरे म्हणाले.

आम्ही आमच्या गाडीनं घरी निघालो. मी खुशीत होतो. रेडिओ लावला आणि गायला लागलो. दुसऱ्या ओळीला रेडिओ बंद! सवयीनं माझा हात डॅशबोर्डकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. शेजारी बायको खिडकीबाहेर बघत होती, फार मन लावून.

"आईंचा तो जुना मेकॅनिक," मी विचारलं, "तुझ्या ओळखीचा आहे का गं?"

"म्हणजे काय! आपली गाडी घेतली तेव्हा त्यानंच तर तपासून दिली."

मी पुढे गायलो नाही. रेडिओ घरापर्यंत उत्तम वाजला.