अण्णांचा कवळा कोंबडा

"पुढं सरका, पुढं सरका! दारात कुनी उभं ऱ्हायचं न्हाई!"

दिवस मावळला की आमच्या शेजारचे अण्णा कोंबड्या खुराड्यात भरतात, त्याची ही आरोळी. सगळ्या आत गेल्या की पत्र्यावर दोन टोले. म्हणजे डबल बेल. अण्णा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन मार्गासनीला आले आणि कोंबड्यांना शिस्त लावायला बसले. शिस्त काही लागली नाही, आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र खड्डे पडले.

कोंबड्यांतलं अण्णांना ओ की ठो कळत नव्हतं. पहिली कोंबडी खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली हौसेनं अंडी ठेवली, आणि सारखे तिला उचलून बघायचे. मी म्हटलं, "अण्णा, तिला जरा बसू द्या की!" तर म्हणाले, "चेकिंग केल्याबिगर कसं चालंल?" कोंबडी वैतागून उठली ती परत बसलीच नाही. अंडी गार पडली. आता काय बोलणार, कपाळ!

हा सगळा उपद्व्याप संतोषसाठी. संतोष त्यांचा एकुलता एक, पुण्यात असतो. त्याची आई, आमच्या काकू, वारल्या आणि त्याचं येणं सणावारावर आलं. कुणीतरी अण्णांच्या डोक्यात भरवलं, "घरचा गावरान कोंबडा पाळा, पुन्याची मानसं आपसूक येत्यात." आलाही संतोष. पहिला कोंबडा कापला, रस्सा ओरपला, "अण्णा, नाद नाही!" म्हणाला, हात धुतले, आणि गेला तो एकदम दिवाळीलाच उगवला.

अण्णा शहाणे झाले. दुसरा कोंबडा मोठा झाल्यावर पुन्हा फोन केला. संतोष आला. मी सकाळीच खोबऱ्याचं वाटण करून दिलं, भाकऱ्या थापल्या. अण्णांनी डालग्याखालचा कोंबडा काढला, हातावर तोलला आणि म्हणाले, "कवळा हाय. पुडच्या रविवारी ये."

पुढच्या रविवारी तो पिसं गाळत होता. त्याच्या पुढच्या रविवारी तो देवीला बोललेला निघाला. "टायमाच्या आदी गाडी सुटायची न्हाई," हे वर. वाटण दर रविवारी माझं, आणि त्यात पडायची उकडलेली अंडी. कोंबडा एवढा थोराड झाला की आरवताना त्याला धाप लागायची. संतोष आपला मुकाट्यानं अंडी खायचा आणि पुढच्या रविवारी हजर. मला वाटायचं, हा मुलगा एवढा कसा भोळा?

मग एका शनिवारी भर दुपारी अण्णांचा डोळा लागला आणि कुत्र्यानं डाव साधला. अंगणात कोंबड्याची पिसं तेवढी राहिली. संध्याकाळी ना आरोळी, ना डबल बेल. कोंबड्या आपल्या आपण आत गेल्या. मी चहा घेऊन गेले तर अण्णा पायरीवर बसलेले.

"सुमन, आता त्यो कशाला येतोय गं?" म्हणाले, आणि चक्क रडायला लागले.

"अण्णा, येड्यासारखं काय करताय!" मी म्हटलं. पण मलाही रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

रविवारी संतोष आला. अंगण झाडलेलं होतं तरी कुंपणाला दोन-चार पिसं अडकलेली होती, ती त्यानं पाहिली. अण्णा मान खाली घालून लसूण सोलत होते. डालगं रोजच्या जागी पालथं, वर रोजचा धोंडा. संतोषनं धोंडा बाजूला केला, डालगं उचलून आत नीट निरखून पाहिलं, आणि पुन्हा पालथं घालून वर धोंडा ठेवला.

"अण्णा, अजून कवळाच आहे की हो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू."

अण्णांनी मान वर केली नाही. लसूण सोलता सोलता म्हणाले, "व्हय. टायमाच्या आदी गाडी सुटायची न्हाई."

मी वाटण आत नेलं आणि अंडी उकडायला ठेवली.