दुधीच्या दिवशी सही होत नाही

माणूस मनावर चालतो, मन पोटावर चालते, आणि ग्रामपंचायत ग्रामसेवकाच्या मनावर चालते. म्हणजे ग्रामपंचायत कशावर चालते, हे काढायला फार शिक्षण लागत नाही. कनेरगाव नाक्यापासून तीन किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावाने हे सत्य शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले आहे, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे.

आमचे ग्रामसेवक उकंडराव अत्यंत नियमित गृहस्थ. नाक्यावरच्या घरून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. (बाकीचे दिवस मीटिंग असते. कुठे असते, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.) एक वाजता डबा उघडतात, दीडला सह्यांना बसतात. डबा त्यांच्या पत्नी द्वारकाबाई भरतात. गावाचा विकास त्या डब्यावर अवलंबून असल्याने दोन वर्षांपूर्वी वैजनाथरावांच्या अध्यक्षतेखाली डबा निरीक्षण समिती स्थापन झाली. नोंदवही माझ्याकडे असते.

सुट्ट्या वगळता निरीक्षणे एकशे नव्वद. ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा: सरासरी अकरा सह्या, शिवाय लेकराबाळांची चौकशी. वांग्याचं भरीत: सात. गवार: "उद्या या." (उद्या ते येत नाहीत.) दुधी: शून्य, आणि प्रत्येक अर्जात चूक सापडते. संकष्टीचा साबुदाणा: शून्य, वर मागच्या महिन्यात दिलेला दाखलाही परत बघायला मागतात.

या निष्कर्षांचा सुबक तक्ता छापून कचेरीच्या भिंतीवर टांगला. खिळा एकच होता आणि त्यावर सरकारचा एक बोर्ड आधीच होता. समितीने तो काढला नाही, फक्त झाकला. (सरकारी मालमत्तेबद्दल आमच्या गावाला आदर आहे.)

तक्त्यामुळे कारभारात शिस्त आली. माणसे आधी दारात उभी राहून वास घेऊ लागली.

"पिठलं हाय का?"

"न्हाई, दुधी."

"मंग चला वावरात. उगं तकलीफ काहून द्यायची सायबाला?"

अशा सुरळीत कारभारात कमलबाईच्या मुलीने, ऐश्वर्याने, व्यत्यय आणला. तिला वसमतला नर्सिंगच्या कोर्सला जायचे होते, त्यासाठी जन्माचा दाखला हवा होता आणि शनिवार शेवटचा दिवस होता. अर्ज देऊन चार चकरा झाल्या होत्या: दोनदा दुधी, एकदा गवार, एकदा भरीत. भरिताच्या दिवशी तिचा नंबर आठवा होता. उरला तो शुक्रवार, आणि शुक्रवारी संकष्टी.

गुरुवारी कमलबाई नाक्यावर द्वारकाबाईंच्या घरी गेली. "वैनी, पोरीच्या जिंदगीचा सवाल हाय. उद्याच्या दिवस पिठलं करा की."

"उद्या चतुर्थी हाय, कमलबाई. अन् तुमचा तक्ता उलटा हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "दुधीनं यांचं डोकं फिरत न्हाई. सकाळी यांचं डोकं फिरलं, की मी दुधी टाकते."

कमलबाईने परत येऊन सांगितलेले हे विधान समितीने काळजीपूर्वक ऐकले आणि निष्कर्षाशी विसंगत म्हणून वगळले.

"पुढच्या वर्षी जा कोर्सला, बाई," वैजनाथरावांनी ऐश्वर्याला समजावले. "एकशे नव्वद नोंदी काय खोटं बोलून राहिल्या?"

शुक्रवारी दीड वाजता ती तरीही आत गेली. डब्याला साबुदाणा चिकटलेला होता.

"दिसत न्हाई का? उपास हाय आज," उकंडराव म्हणाले.

ऐश्वर्या भिंतीपाशी गेली, तक्ता वर उचलला आणि मागचा बोर्ड मोठ्याने वाचला. "जन्माचा दाखला. मुदत पाच दिवस." मग तिने टेबलावर एक कोरा कागद ठेवला. "सायेब, अर्ज देऊन सतरा दिवस झाले. वरचे बारा दिवस कशाचे, तेवढं यावर लिहून खाली सही करा."

उकंडरावांनी कोऱ्या कागदाकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि दाखल्यावर सही केली. शिक्काही स्वतःच मारला, आणि सुलटा मारला.

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. एकमताने नोंद घेतली ती अशी: "संकष्टी, सही एक. कारण, साबुदाण्यात शेंगदाण्याचा कूट जास्त पडला असावा." तक्ता दुरुस्त करून पुन्हा त्याच खिळ्यावर, त्याच बोर्डावर टांगला आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आता द्वारकाबाईंच्या दारात कुटाचे डबे घेऊन रांग लागते. शिस्तीत.

आमच्या गावाचे हसू आले असेल, तर हरकत नाही. फक्त तुमच्या साहेबांकडे रजा मागायची ती चहाच्या आधी की चहानंतर, तेवढे आठवून बघा.

(आठवले ना लगेच?)

आता रजेचा नियम सांगा.