भिकूअण्णा महाराजांच्या कानावर घालतात

भिकूअण्णा मोबाइलशी बोलायच्या आधी चपला काढतात.

नुसत्या काढत नाहीत, दाराबाहेर नीट जोडून ठेवतात. मग आत येऊन मोबाइल पाटावर ठेवतात, घसा खाकरतात, हात जोडतात आणि सुरू करतात, "बा देवा म्हाराजा!" ज्याच्या दुकानाचं काम असेल त्याने मागे उभं राहून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" नाही म्हटलं तर अण्णा थांबतात, मान वळवून बघतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. आमच्या गल्लीतला सलूनवाला एकदा मध्येच शिंकला, तर बिचाऱ्याचं अख्खं गाऱ्हाणं पुन्हा झालं.

घाटावरच्यांना सांगते, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे हो. आमच्या कोकणात गावचा मानकरी देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. याला मूल दे, त्याचं दुखणं उतरव, मुंबईला गेलेल्यांना सुखी ठेव. मागचे लोक प्रत्येक वाक्याला होकार भरतात. अण्णांच्या घराण्याकडे हा मान. फरक एवढाच, की अण्णा हल्ली गाऱ्हाणं घालतात ते एआयला. त्याला ते 'महाराज' म्हणतात.

अण्णा एसटीत होते. रत्नागिरीच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारायचे. निवृत्त झाल्यावर माणसं शांत होतात, देवळात बसतात. हे मोबाइल शिकले. त्यांचं म्हणणं असं, की पाहुणा हल्ली रस्त्यात माणसाला विचारतच नाही. गाडीत बसल्या बसल्या मोबाइलला विचारतो, 'पोरं बरोबर आहेत, तिखट चालत नाही, गाडी सावलीत लावायची आहे, कुठे जेवू?' पूर्वी मोबाइल ढीगभर नावं तोंडावर फेकायचा. आता त्यातला एआय शहाण्यासारखी एकदोन नावं घेतो आणि गप्प बसतो.

"ज्याचं नाव महाराजांनी घेतलं तो तरला, सुमनबाई," अण्णा मला म्हणाले. "ज्याचं नाही घेतलं, तो असून नसल्यासारखा. म्हणून कानावर घातलं पाहिजे."

तर ते असं कानावर घालतात. गाऱ्हाणं मोबाइलमध्ये बोलायचं. मोबाइल ते टाइप करतो आणि अण्णा ते दुकानाच्या नावाने नेटवर चढवतात. मग नकाशावर वेळ, फोन, फोटो, सगळीकडे तंतोतंत सारखं. "एकीकडे एक वेळ आणि दुसरीकडे दुसरी दिसली की महाराजांचा विश्वास उडतो," असं म्हणतात. मोबदला म्हणून एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. साखरेचा ते घरी जाऊन पितात.

आणि या सगळ्याची खोच म्हणजे खोड.

"गुण जग सांगेल. खोड आपण सांगावी," हे अण्णांचं ब्रीद. दुकानदार किती का मोठा असेना, एक खोड सांगितल्याशिवाय अण्णा गाऱ्हाणं पुरं करत नाहीत. शिवाय स्वतः जाऊन बघितल्याशिवाय, चाखल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. आरे-वारेच्या रस्त्याला एकाने नवीन लॉज काढलं. 'खोलीतून समुद्र दिसतो' असं लिहा म्हणाला. अण्णा गेले. खोलीभर फिरले, गॅलरीत वाकले, पलंगावर चढले. समुद्र काही दिसेना. शेवटी सापडला. अण्णांनी लिहिलं, 'समुद्र दिसतो, पण न्हाणीघरातल्या स्टुलावर उभं राहिल्यास.' मालक डोकं धरून बसला. आणि काय सांगू, लोक ते स्टूल बघायला येऊ लागले! नवरा-बायको आळीपाळीने स्टुलावर चढून फोटो काढतात. मालकाने आता प्रत्येक खोलीत स्टूल ठेवलंय.

माझीही गत तीच. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हात चांगला आहे, हे मी सांगत नाही, गिऱ्हाइकं सांगतात. अण्णांनी गाऱ्हाण्यात काय घातलं? 'बाई शिवतात सुरेख, पण वेळेवर देतील तर शपथ. सणाला हवं असेल तर महिनाभर आधी टाकावं आणि मधून मधून येऊन भांडावं.' मी मागे उभी राहून 'व्हय म्हाराजा' म्हणून बसले होते, मग कळलं कशाला होकार दिला ते! आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण मेलं, त्या गणपतीला बायका खरंच महिनाभर आधी आल्या. जन्मात पहिल्यांदा माझी शिलाई वेळेवर झाली. तरी बायका भांडल्या, लिहिलंय म्हणून.

महाराजांच्या तोंडी नाव बसलं की नाही, याची तपासणीही अण्णाच करतात. पण आपला आवाज महाराज ओळखतील आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून उत्तर देतील, ही त्यांना भीती. म्हणून तोंडाला रुमाल लावून आवाज बदलून विचारतात. कधी पुण्याच्या बाई होतात, कधी मुंबईचा साहेब. त्यांच्या घरावरून जाताना आतून कोण बोलतंय याचा नेम नाही. नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाला वाटलं होतं, या म्हाताऱ्याकडे केवढे पाहुणे असतात.

खरं तर अण्णांकडे कुणी यायचं नाही. बायको कधीच गेली, मूलबाळ नाही. सख्खा भाऊ आहे, रघू. पालीला हमरस्त्यावर त्याची खानावळ आहे. पण त्याचं नाव काढलं की अण्णा उठून चालू लागायचे.

कारण ऐकाल तर हसाल. वडील गेल्यावर शिमग्याला गाऱ्हाणं रघूने घातलं. अण्णा नोकरीपायी रत्नागिरीत, गावात पालीला रघू, म्हणून मान त्याने चालवला. अण्णा खास रजा काढून गेले होते, मागेच उभे होते. रघूने घरातल्या सगळ्यांची नावं घेतली. दुबईतल्या भाच्याचं घेतलं.

"गाभण म्हशीचंसुद्धा घेतलं!" अण्णा मला एकदाच बोलले होते. "मी तिलासुद्धा व्हय म्हाराजा म्हटलं, सुमनबाई. म्हटलं, आता आपलं येईल. माझं आलंच नाही. देवापुढे वगळला मला."

रघूचं म्हणणं, "विसरलो नाय काय. तू मागेच उभा होतास. समोर असलेल्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं?" पटतं तसं तेही. पण अण्णा जे तिथून निघाले ते पुन्हा पालीच्या गाडीत चढले नाहीत. कामावर ती गाडी मात्र रोज पुकारायचे.

आता झालं असं, की पालीचा रस्ता रुंद झाला आणि गाड्या खानावळीसमोरून भुर्रकन जाऊ लागल्या. गिऱ्हाईक तुटलं. रघूची बायको शेवंता माझ्याकडे शिवायला टाकते. ती एक दिवस दुकानात बसून रडायलाच लागली.

"बंद करायचं म्हणतायत गो. चूल पेटवतंव नि गाड्यांकडे बघत बसतंव. भावजी सगळ्या रत्नागिरीचं गाऱ्हाणं घालतात. आमचं नाय घालायचे?"

मी तडक अण्णांकडे गेले. म्हटलं, अहो, सख्खा भाऊ बुडतोय. अण्णा मोबाइलची काच पुसत बसले.

"त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"अहो, एका नावापायी?"

"नावापायीच तर सगळं चाललंय," अण्णा म्हणाले. "तुम्ही तुमचं ब्लाउज शिवा."

असा संताप आला म्हणता! लोकांच्या स्टुलासाठी पलंगावर चढणारा माणूस, भावासाठी दोन ओळी लिहीत नाही? मी येताना त्यांच्या जोडून ठेवलेल्या चपला पायाने विस्कटून आले.

पुढे आठवडे गेले. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले, माझ्या दुकानाची वेळ बदलायची होती. दारापर्यंत पोचले तर आतून खर्जातला आवाज.

"काय भावा, कोल्हापूरला निघालोय. पालीजवळ जेवाय कुठं थांबायचं?"

मी तिथेच थबकले. मोबाइलमधली बाई सांगू लागली, "पालीजवळ हमरस्त्यावर रघूची खानावळ आहे. तिथे मालकांच्या आईच्या हातासारखी कुळथाची पिठी आणि गरम भात मिळतो. गाडी लावायला आंब्याची सावली आहे. मालक फटकळ आहेत आणि माणसांची नावं विसरतात, पण वाढताना कोणाला विसरत नाहीत, असं म्हटलं आहे."

आणि मग आतून हळूच, स्वतःच्या आवाजात, "व्हय म्हाराजा."

मी दार ढकललं. "अण्णा!"

तोंडावर रुमाल धरून अण्णा पाटासमोर बसले होते. माझ्याकडे बघितलं आणि रुमालातूनच म्हणाले, "कोन अण्णा? आमी कोल्हापूरचं पावनं हाय."

"पाहुणे, तुमचा लेंगा ओळखते मी. मी शिवलाय तो."

रुमाल खाली आला. मी म्हटलं, "तोंडातून नाव निघणार नव्हतं ना?"

"तोंडातून नाहीच काढलं. बोटाने टाइप केलं," अण्णा म्हणाले.

"आणि तुमचा नियम? चाखल्याशिवाय लिहायचं नाही? कधी गेलात पालीला?"

"गेलो नाही. पिठी आईची आहे. मला पाठ आहे ती." असं म्हणून त्यांनी मोबाइल उपडा करून ठेवला. माझा चपलांचा राग कुठच्या कुठे गेला. बाहेर येऊन मी त्या सरळ करायला वाकले, तर त्या आधीच सरळ होत्या.

पुढच्या खेपेला शेवंता आली ती हसतच. गाड्या थांबू लागल्यात. लोक गल्ल्यावर येऊन विचारतात, 'नावं विसरणारे मालक तुम्हीच का?' आणि मुद्दाम आपली नावं सांगून जातात, जाताना परत विचारतात.

"ह्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं, कोणाचं काम ते," शेवंता म्हणाली. "नि निरोप दिलाय भावजींना. म्हणाले, सांग त्याला, खोटं लिहिलंयस. आईसारखी पिठी मला होत नाय. येऊन चाख नि मग काय ते लिही."

मी निरोप पोचवला. अण्णा ताडकन उभे राहिले.

"म्हणजे चुकीची माहिती गेली? माझ्याकडून? महाराज फसले की हो, सुमनबाई!" येरझारा घालायला लागले. "दुरुस्त केलं पाहिजे. तपासणी केली पाहिजे. दुसरं काही नाही हां, फक्त तपासणी." आणि मग दाराशी येऊन, खाली बघत, "तुम्ही याल बरोबर? मागे उभं राहून होकार भरायला कोणीतरी लागतं."

सकाळी स्टँडवर आले तर इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. पालीची गाडी पुकारली तसे अण्णा म्हणाले, "माइकवरचा पोरगा 'पाली' फार तोडून म्हणतो." हातखंब्याचा फाटा गेला तसा त्यांनी रुमाल काढला. मी म्हटलं, आज रुमाल नको. त्यांनी घडी करून परत ठेवला.

खानावळीत गर्दी होती. अण्णांनी दाराशी चपला काढून जोडल्या. घसा खाकरला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा," म्हणाले, आणि पुढे काही येईना. सगळ्या रत्नागिरीची दुकानं ज्यांनी न अडखळता पुकारली, ते उंबऱ्याशी तोंड उघडं ठेवून नुसते उभे. मला 'व्हय म्हाराजा' कशाला म्हणायचं तेच कळेना.

आतून रघू हातात पिठीची कढई घेऊन आला. तेच नाक, तीच मान. क्षणभर बघत राहिला. मग कढई टेबलावर ठेवली, लुंगीला हात पुसले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाला,

"बा देवा म्हाराजा! हा माझा मोठा भाव भिकाजी आज घरी आलाय. भिकाजीला सुखी ठेव. भिकाजीचे गुडघे दुखतात ते बरे कर. नि भिकाजीला आता आत येऊन बसायची बुद्धी दे, पिठी निवतेय!"

"व्हय म्हाराजा!" मी नि शेवंता एकदमच ओरडलो. कोपऱ्यातल्या टेबलावरची पुण्याची मंडळीही म्हणाली, काय चाललंय ते न कळता.

अण्णा आत आले, बसले. रघूने स्वतः वाढलं. अण्णांनी पिठीभाताचा पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि सगळी खानावळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. रघूच्या कपाळावर घाम.

"मीठ कमी आहे," अण्णा म्हणाले. "आईचंसुद्धा कमीच असायचं." आणि ताट पुढे केलं.

घरी येऊन त्यांनी नेटवर दुरुस्ती केली. मी मोबाइल उघडून बघितलं. पिठीचं तसंच होतं, आंब्याची सावली तशीच होती. मालक नावं विसरतात, ती ओळ मात्र काढून टाकली होती. पण खोड सांगितल्याशिवाय ते कुठले राहायला! तिथे नवीन लिहिलं होतं, 'खोड : मालकाच्या मोठ्या भावाने इथे यायला फार उशीर लावला.'