रॉकेलच्या रांगेतली झूम लेन्स

कंपनीच्या क्रीडादिनाचे फोटो नोटीस बोर्डावर लागले, त्या दुपारी टूलरूमच्या साहेबराव ओव्हाळांना डबा गोड लागला नाही. फोटो त्यांनीच काढले होते. त्यात मैदान होतं, मांडव होता, मांडवावरचं आभाळ तर हवं तेवढं होतं. करंडक देणारे प्रमुख पाहुणे मात्र तिळाएवढे आले होते, आणि करंडक घेणारा कबड्डीचा कप्तान म्हणजे त्या तिळाला चिकटलेला दुसरा तीळ. कोणा वात्रटानं बोर्डाच्या खिळ्याला दोरी बांधून इन्स्पेक्शन खात्यातलं भिंग लटकवलं होतं आणि खाली खडूनं लिहिलं होतं, 'पाहुणे शोधा.'

यात साहेबरावांचा दोष काडीचा नव्हता. फोटो काढणाऱ्यानं दोरीच्या मागं, पन्नास पावलांवर उभं राहायचं, असा नियम होता. कॅमेरा जुना रशियन, देहूरोडच्या एका निवृत्त सुभेदाराकडून घेतलेला. त्याच्यासोबत आलेली लेन्स साधी. डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच तिला दिसायचं, किंबहुना थोडं कमीच.

पण वेल्फेअर ऑफिसर यशवंतराव जगदाळ्यांना कारणं आवडत नसत. सकाळी गेटवर उभं राहून, पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापणारा तो माणूस. त्यांनी साहेबरावांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे, पाहुणे मोठे आहेत, चेहरा दिसला पाहिजे. जमत नसेल तर चिंचवडच्या स्टुडिओवाल्याला बोलावू.

हे शेवटचं वाक्य साहेबरावांना लागलं. सहा वर्षं एक पैसा न घेता ते कंपनीचे फोटो काढत होते. आकुर्डीपासून भोसरीपर्यंत 'फोटोवाले ओव्हाळ' म्हणून लोक ओळखत. स्टुडिओवाला आला की ते नुसते ओव्हाळ उरणार. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, की लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यायची. बजेट मात्र बेताचं होतं, म्हणजे जेवढा बोनस शिल्लक होता तेवढंच.

रविवारी ते बसनं पुण्याला गेले. कॅम्पातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात नव्या झूम लेन्सची किंमत ऐकताच त्यांनी काउंटरवर टेकलेले दोन्ही हात उचलून घेतले. मग दुकानदारानं जुन्या तीन काढल्या. साहेबराव इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक बोटानं ओळखणारे कारागीर. लेन्स बघताना त्यांचा चेहरा सुनेला बघायला आलेल्या सासूसारखा झाला. पहिलीच्या पोटात बुरशीनं रांगोळी काढली होती. दुसरी स्वच्छ होती, पण फिरवायचं कडं इतकं ढिलं होतं, की तोंड खाली केलं की ती आपोआप लांब व्हायची. तिसरी जपानी. लाटण्याएवढी लांब, वरवंट्याएवढी जड, आणि कडं असं फिरायचं की लोण्यात सुरी. फक्त ती बजेटच्या बरीच बाहेर होती.

साहेबरावांनी ते कडं दीड तास फिरवलं. शेवटी कंटाळून दुकानदार म्हणाला, "पंधरा दिवस घेऊन जा. फोटो काढून बघा, पसंत पडली तर पैसे आणा. तोवर हातातलं घड्याळ इथं ठेवा."

साहेबराव घड्याळ ठेवून, लेन्स मांडीवर घेऊन पिंपरीला परत आले.

कामगार वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. घड्याळ ठेवून आले हे ऐकल्यावर बायको कस्तुरानं भाकरी जरा जोरातच थापली. घरात ते एकच घड्याळ होतं. सकाळी ती म्हणाली, "आता मी डबा कशाच्या हिशेबानं करू? सूर्याच्या?"

साहेबरावांनी गॅलरीत पिठाचा डबा पालथा घातला. त्यावर घडी घातलेली वाकळ, वाकळीवर कॅमेरा. लेन्स लांब करून ती कंपनीच्या गेटवरच्या मोठ्या घड्याळावर धरली आणि तिला बोलावलं. गेट वसाहतीपासून चांगलं तीन फर्लांग. कस्तुरानं एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"सातला वीस कमी," ती म्हणाली. "आन् वॉचमन तंबाखू मळतोय."

साहेबरावांना बरं वाटलं. ते डबा घेऊन कामाला गेले, आणि कॅमेरा तिथंच राहिला. एवढीच चूक झाली.

चौऱ्याहत्तर सालचे ते दिवस. रॉकेलची इतकी टंचाई, की रेशनच्या दुकानात पिंप आलं की तासाभरात आटायचं. आलं हे कळेपर्यंत कस्तुराचा नंबर नेहमी शेपटाला लागायचा. त्या दिवशी दहाच्या सुमारास ती वेळ बघायला गॅलरीत आली. दुकान गेटच्या अलीकडंच, घड्याळाच्या रेषेत. तिला दुकानापुढं हातगाडी दिसली, गाडीवर निळी पिंपं दिसली, दुकानदार कुलूप काढताना दिसला. ती कॅन घेऊन जी निघाली, ती रांगेत पहिली उभी राहिली. लग्न होऊन पिंपरीला आल्यापासून ती कुठल्याही रांगेत पहिली आली नव्हती.

शेजारच्या छबूबाईंना हे सहन होईना. त्या मावळातल्या, बोलायला रोखठोक. संध्याकाळी येऊन त्यांनी सरळ विचारलं, "कस्तुरा, तुला सपान पडलं व्हय गं, पिंप आल्याचं?"

कस्तुरानं एक दिवस दम धरला. दुसऱ्या दिवशी दाखवलं. तिसऱ्या दिवशी जिन्यातल्या सगळ्या बायकांना ठाऊक झालं आणि चौथ्या दिवशी पाळ्या लागल्या. सकाळी दुकान, दुपारी बसथांबा, संध्याकाळी पानाची टपरी. कोणाच्या घरी सामान घेऊन पाहुणे उतरले ते ती मंडळी जिना चढायच्या आत कळायला लागलं आणि त्याप्रमाणे दारं बंद व्हायला लागली. नवरा ओव्हरटाइमला म्हणून गेलेल्या एका बाईला तो टपरीवर भजी खाताना दिसला. भजी किती, तेही मोजता आलं. त्या रात्री त्याला घरी जेवण मिळालं नाही, आणि का मिळालं नाही हे त्याला कोणी सांगितलंही नाही.

साहेबराव कामावरून येत तेव्हा त्यांच्याच गॅलरीत त्यांना जागा नसे. ते नम्रपणे म्हणत, की मला या लेन्सची चाचणी घ्यायची आहे, दिवस सरत चालले. त्यावर छबूबाई म्हणत, "आमी घेतोय न्हवं चाचणी. लई झ्याक हाय. घ्या तुमी."

सातव्या दिवशी साहेबरावांनी कॅमेरा उचलला. छत्तीस फोटोंचा रोल संपलेला होता. त्यांनी स्वतः एकही फोटो काढला नव्हता. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्या जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर जाऊन बसायचा आणि रोल पुढं सरकवणारा खटका ओढेपर्यंत काळोख. कोणाचं तरी बोट बटणावर पडलं, दुकान दिसेनासं झालं, बायका घाबरल्या. छबूबाईंनी इकडंतिकडं चाचपून खटका ओढला, दुकान परत दिसलं. तेव्हापासून सगळ्यांची समजूत झाली, की हे यंत्र मधूनमधून डोळा मिटतं, मग त्याला जागं करावं लागतं.

दुसरा रोल आणायला पैसे नव्हते. आहे तोच धुऊन बघावा, म्हणून साहेबरावांनी तो चिंचवडला नेला. फोटो हातात आले तेव्हा ते रस्त्यातच थांबले. अकरावा फोटो असा आला होता, की चिंचवडच्या स्टुडिओवाल्यानंच काय, कोणीही हेवा करावा. रॉकेलची रांग, रांगेत मफलर गुंडाळलेला एक माणूस, आणि त्याच्यामागं गेटवरचं घड्याळ. लांबच्या लेन्सचा गुणच असा, की मागचंपुढचं ती एकमेकांजवळ ओढते. घड्याळ त्या माणसाच्या डोक्यावर टोपीसारखं बसलं होतं.

साहेबरावांनी जेवायच्या सुट्टीत तो फोटो आणि एक भिंग घेऊन थेट वेल्फेअर ऑफिसरची केबिन गाठली. कंपनीनं थोडा हातभार लावला तर लेन्स घेता येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"साहेब, आधी हा कोपरा बघा," ते म्हणाले. "घड्याळाचे काटे कसे कातरल्यासारखे आलेत. अकरा वाजून दहा मिनिटं. आणि या माणसाच्या मफलरची वीण बघा, टाका अन् टाका मोजता येतो."

यशवंतरावांनी भिंगातून बघितलं. मग मफलर सोडून भिंग वर चेहऱ्यावर नेलं.

"हा माणूस कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"माणसाचं मी बघितलं नाही साहेब, मी वीण बघितली."

"आणखी कोणाला दाखवलात?"

"अजून नाही. बोर्डावर लावावा म्हणतो. लोकांना लेन्सची ताकद कळेल."

"निगेटिव्ह कुठं आहे?"

"घरी. डाळीच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून."

यशवंतरावांनी उठून केबिनचं दार लावलं. परत येऊन बसले. "ओव्हाळ," ते म्हणाले, "तुमचं म्हणणं काय आहे ते एकदा स्पष्ट सांगा."

साहेबराव संकोचले. "साहेब, थोडं बजेट कमी पडतंय."

पाच मिनिटांत कागद झाला, सही झाली. एवढंच नव्हे, तर यशवंतराव म्हणाले, की वर्धापनदिनाला तुम्ही दोरीमागं उभं राहायचं नाही, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत, व्यासपीठाला अगदी लागून. तो फोटो मात्र त्यांनी अभ्यासासाठी ठेवून घेतला. साहेबराव बाहेर आले ते भारावूनच. यशवंतरावांना फोटोग्राफीतलं इतकं कळतं हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

घरी त्यांनी कस्तुराला निगेटिव्ह उजेडात धरून दाखवली. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं, तरी तिनं एका नजरेत सांगितलं, "हे तर तुमचे वेल्फेअर साहेब. छबूबाईच्या पुढं नंबर घुसवला म्हणून तिनं त्यांना हटकलं होतं."

साहेबराव पिठाच्या डब्यावर बसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी साहेबांचे पाय धरून खुलासा करावा असं ठरवून ते गेटवर गेले, तर यशवंतरावांनी त्यांना लांबूनच नमस्कार केला. आता खुलासा करायचा तर कशाचा, आणि कोणत्या शब्दांत? तेही नमस्कार करून टूलरूमकडं वळले. रविवारी जाऊन त्यांनी लेन्स घेतली. कंपनीचे पैसे आणि बोनस मिळूनही किंमत पुरी होईना, म्हणून जुनी साधी लेन्स दुकानदाराला बदल्यात दिली. घड्याळ परत आणलं. कस्तुरानं ते चुलीच्या वर खिळ्याला टांगलं आणि वेळ मात्र ती गॅलरीतूनच बघत राहिली.

वर्धापनदिनाला मांडव खचाखच भरला. कामगार, त्यांच्या बायका, पोरंबाळं, सगळी आली होती. साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीत बसले. पाहुणे बोलायला उभे राहिले, ते त्यांच्यापासून दोन हातांवर. साहेबरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर धुकं होतं. कडं फिरवलं, धुकं हललं, विरलं नाही. कडं शेवटपर्यंत नेलं. तिथं बारीक अक्षरात एक आकडा कोरला होता, तीन मीटर. लेन्सला तीन मीटरच्या आतलं दिसतच नव्हतं. लांबचं बघताना हे कधी त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि जवळचं बघणारी लेन्स कॅम्पातल्या दुकानात होती.

ते हळूच उठून मागं सरकायला लागले. व्यासपीठावरून यशवंतरावांनी हातानं खूण केली, बसा. साहेबरावांनी खुणेनंच सांगितलं, मागं जायचंय. यशवंतरावांना वाटलं, जागा पसंत पडली नाही. त्यांनी शिपाई पाठवून खुर्ची आणखी एक हात पुढं घ्यायला लावली. आता पाहुण्यांच्या भाषणातले तुषार साहेबरावांच्या लेन्सवर उडायला लागले.

पाहुणे मधूनच एक गमतीचा किस्सा सांगू लागले. मांडव हसला. साहेबरावांनी लेन्स पुसायला मान वळवली आणि सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावून मागं बघितलं. धुकं नव्हतं. फौंड्रीतला भैरू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. त्याच्या प्रत्येक सुरकुतीत काजळी स्वच्छ दिसत होती. छबूबाई हसू लपवायला पदर तोंडात धरून बसल्या होत्या. कस्तुरा हसत नव्हती. ती पहिल्या रांगेकडं बघत होती. साहेबरावांनी बटण दाबलं, खटका ओढला, परत दाबलं. पाहुण्यांकडं पाठ करून त्यांनी सगळा रोल संपवला.

फोटो बोर्डावर लागले त्या दिवशी सुट्टीची शिट्टी होऊन गेली तरी कोणी जेवायला बसेना. लोक एकमेकांच्या खांद्यावरून स्वतःला शोधत होते आणि सापडल्यावर गप्प होत होते. आजवर कंपनीच्या फोटोत त्यांची फक्त डोकी यायची, तीही मागून. भैरू तर दहा मिनिटं स्वतःपुढं उभा राहिला आणि म्हणाला, की मी असा दिसतो हे मला घरच्यांनी सांगितलंच नव्हतं.

गर्दी हटल्यावर यशवंतराव आले. त्यांनी पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत नजर फिरवली, परत पहिल्यावर आणली.

"ओव्हाळ, यात पाहुणे कुठं आहेत?"

"साहेब," साहेबराव खाली बघत म्हणाले, "ते फार जवळ होते."

यशवंतरावांनी तोंड उघडलं. आता आपण पुन्हा नुसते ओव्हाळ झालो, असं साहेबरावांना वाटलं. पण साहेबांचं बोट बोर्डावरच्या एका फोटोवर थांबलं होतं. बायकांच्या रांगेतली एक जाडशी बाई मान मागं टाकून हसत होती, सगळे दात दिसेपर्यंत.

"ही आमची मंडळी," ते म्हणाले. "घरी हे असलं काही आमच्या बघण्यात नाही." मग इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "हिची एक प्रत काढून द्या. जरा मोठी काढा."