खोगिराची गॅरंटी

माणसाला भरवसा ठेवायला काहीतरी लागतं. आमच्या आजोबांच्या काळी देव होता. हल्ली गॅरंटी आहे. गॅरंटी केव्हाही बरी, कारण ती पत्राला उत्तर तरी देते. (काय देते, हा निराळा विषय.)

आमच्या सोलापुरातल्या कचेरीचे अव्वल कारकून अण्णाराव मामलेदार व्हायच्या बेतात होते. मामलेदाराला घोड्यावर बसता आलं पाहिजे असा सरकारचा दंडक आहे, आणि तो रास्तच आहे. जो घोड्यावर टिकतो तो वसुलीतही टिकणार, हे कोणालाही पटेल. परीक्षा होळीनंतर, खुद्द कलेक्टरसाहेबांसमोर, किल्ल्याजवळच्या मैदानात व्हायची होती. पास झाले तर जिल्ह्यातल्या एका तालुक्याची मामलेदारी (कोणत्या, ते सांगत नाही, तुम्ही तिथलेच निघालात तर पंचाईत). नापास झाले तर पेन्शनीपर्यंत माझ्या शेजारची खुर्ची. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी तर बदलीच्या गावी न्यायची भांडीसुद्धा वेगळी काढून ठेवली होती.

म्हणून अण्णारावांनी आदल्या उन्हाळ्यातच विलायतेहून खोगीर मागवलं. गॅरंटी दहा वर्षांची. अट एवढीच, की कंपनीखेरीज कोणी त्याला हात लावला, किंवा त्यात बाहेरचा पदार्थ घातला, तर गॅरंटी रद्द. खोगीर आलं, सगळी कचेरी बघायला जमली. वास उत्तम होता, शिवण देखणी होती. अण्णारावांच्या घोडीवर चढवलं तेव्हा ते डावीकडे कललं.

"सायेब, खोगीर लई कलतंय की," घोडीची निगा राखणारा मोतद्दार भीमा म्हणाला. "हितं घोंगडीचा तुकडा सारतो. लगीच नीट बसंल."

"घोंगडी हा बाहेरचा पदार्थ आहे," अण्णाराव म्हणाले आणि कंपनीला पत्र लिहायला बसले.

कंपनीचं उत्तर सभ्य होतं. खोगीर सरळच आहे, तेव्हा घोडा वाकडा असावा. तपासून दाखला पाठवावा. गुरांच्या डॉक्टरांनी घोडी सरळ असल्याचा दाखला दिला. मग कंपनीला स्वाराचा संशय आला. सरकारी दवाखान्यातून अण्णाराव सरळ असल्याचा दाखला आला. (तो कचेरीत फिरवण्यात आला. इतका स्वच्छ दाखला आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता.) मग जमिनीचा प्रश्न निघाला. ओव्हरसियरने सोलापूर सपाट असल्याचं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. कंपनीचे हे उपकारच म्हणायचे. इतकी वर्षं आम्ही इथं राहतो, पण याची लेखी चौकशी कोणी केलीच नव्हती.

आता संशय घ्यायला खोगिराशिवाय कोणी उरलं नाही, तेव्हा कंपनीने खोगिराचा फोटो मागवला. फोटो गेला. उत्तर आलं, मधोमध डाग कसले?

ते डाग नव्हते. खंडेनवमीला यशोदाबाईंनी खोगिराची पूजा केली होती. हळदकुंकवाची बोटं चांगली दाबून उमटवली होती. अण्णारावांनी सविस्तर खुलासा धाडला. त्यावर कंपनीने कळवलं, की ज्याची पूजा होते ते खोगीर राहत नाही, देव होतो; आणि देवाची गॅरंटी आम्ही देत नाही.

अण्णाराव घरी जाऊन जन्मात पहिल्यांदा बायकोवर ओरडले.

"दौतीला लावलं, रुळाला लावलं, विळीला लावलं," यशोदाबाई म्हणाल्या. "खोगिरानंच काय घोडं मारलं होतं? यांना पाडू नको म्हणून हात जोडले हो मी त्याला."

अण्णारावांना फार वाईट वाटलं. रात्री ते जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी कंपनीच्या वरिष्ठांकडे अपील केलं.

परीक्षेच्या दिवशी भीमा घोंगडीचा तुकडा काखेत घेऊनच आला. "आता तर कंपनीवालं न्हाय म्हनलं न्हवं? मंग सारू द्या की."

"अपील चालू आहे."

"अपील तितं हाय सायेब, पडायचं हितं हाय."

अण्णारावांनी ऐकलं नाही. साहेबांनी इशारा केला, घोडी दुडकी धावली, पहिल्याच वळणावर खोगीर फिरलं आणि अण्णाराव साहेबांच्या बुटांपाशी येऊन पडले. यशोदाबाई घरी देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, "खोगीर वाकडं आहे हे ठाऊक होतं?"

"होतं, साहेब."

"मग सरळ का केलं नाही?"

"नियमात बसत नव्हतं, साहेब," अण्णाराव धुळीतूनच म्हणाले.

साहेबांनी बुटांवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "घोड्यावरून पडणारे पुष्कळ पाहिले. नियमासाठी पडणारा हा पहिलाच. असा माणूस आम्हाला हवा."

अण्णाराव मामलेदार झाले. भांडी गेली, खोगीर गेलं, मीही त्यांच्या हाताखाली गेलो. खोगीर अजून डावीकडेच कलतं, पण आता त्याला कोणी वाकडं म्हणत नाही. कंपनीच्या पत्रांवरून अण्णाराव कारभार शिकले आहेत. कोणी बांधाची तक्रार आणली, की आधी बांध सरळ असल्याचा दाखला, मग शेजारी सरळ असल्याचा, मग तक्रारदार सरळ असल्याचा.

तुमचा बांधाबद्दलचा अर्ज पोचला. तिन्ही दाखले जोडलेत, हे उत्तम केलंत. फक्त अर्जाच्या कोपऱ्याला घरच्या मंडळींनी हळदकुंकवाचं बोट लावलेलं दिसतं. आता तो अर्ज राहिलेला नाही. आम्ही तो कचेरीच्या देवघरात ठेवला आहे. येऊन दर्शन घेऊन जावं.