मिक्सर परत घेण्यापूर्वी तीन गाणी

सुधाकरभाऊंकडे मिक्सर दुरुस्तीला टाकला, की तो परत घेताना तीन गाणी ऐकावी लागतात. सुटका नाही. गाणं एकच, गाणारे तीन. तुमची गाडी चुकू दे, घरी दूध उतू जाऊ दे, मिक्सर त्यांच्या मांडीवर आणि तुम्ही समोरच्या स्टुलावर.

दुकान डहाणू रोड स्टेशनच्या बाजूला आहे, यापलीकडे पत्ता देणार नाही. नावही बदललंय. का, ते पुढे कळेल.

गाणी आपल्याकडची नव्हेत. भाऊ तरुणपणी मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. चौदा वर्षं इंजिनरूममध्ये काढली आणि प्रत्येक बंदरात पगार रेकॉर्डींवर उडवला. जॅझ, पॉप आणि सगळ्यात लाडकं ते सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचं बेंबीच्या देठापासून आलेलं गाणं. आता रेकॉर्डी घरी असतात. दुकानात मोबाइल आणि स्वतः जोडलेला स्पीकर. "आधी मूळ, मग नक्कल, मग निकाल," हा त्यांचा मंत्र. आधी पन्नासेक वर्षांपूर्वीचं मूळ गाणं, मग तेच पुढे कुणी गायलेलं, आणि शेवटी अगदी कालपरवाचं. ते ऐकलं की ज्याचा त्याचा निकाल.

"नक्कल कशाला ऐकायची?" मी एकदा चिडून विचारलं. मी सरावलीच्या शाळेत शिकवते. नक्कल म्हटलं की माझं डोकं फिरतं.

"बाई, तुम्ही बोलायला कशा शिकलात? आईची नक्कल करूनच ना? मग अगदी आईसारखं बोलता का?"

 मी स्टुलावर नीट बसले आणि दुसरं गाणं ऐकलं.

गिऱ्हाइकं वैतागतात. एक गुजराती शेठ दुसऱ्या गाण्यालाच आपला पंखा परत मागत हात जोडून म्हणाले, "भाई, मारो पंखो आपी दो ने." भाऊ शांतपणे म्हणाले, "शेठ, निकाल बाकी आहे." पण निकाल देणारेही भेटतात. वेवजी गावची एक शेतकरीण इथे लेकीकडे आली होती, लेकीचा टेबलफॅन घ्यायला दुकानात आली. इंग्रजीचा गंध नाही. तिन्ही गाणी ऐकून म्हणाली, "पहिली रडत गाते. दुसरी रडून झाल्यावर. तिसरीला अजून रडायचंच हाय." भाऊंनी तिला चहा पाजला आणि पुढचा आठवडाभर येईल त्याला हे वाक्य ऐकवलं.

आणखी एक खोड. साठी उलटली तरी भाऊंचे केस कानाखाली वाढलेले. गाणं सुरू झालं की भाऊ कानावरचे केस सारखे करणार आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बसणार. भुवया, ओठ, पाय, काही सोडायचं नाही. मला बघायला आलेल्या स्थळांनीही मला एवढं निरखून पाहिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मी अशीच मिक्सरसाठी बसले होते. तिसरं गाणं चालू असताना मागच्या फळीवर मांजर चढलं आणि स्पीकरची वायर सुटली. गाणं बंद. भाऊंची तिकडे पाठ. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. माझ्याकडे बघत मान हलवत राहिले. म्हणजे गाणं बंद पडल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून थांबलेला पाय मी पुन्हा हलवायला लागले, जणू ऐकू येतंय.

"बाई," थोड्या वेळाने भाऊ म्हणाले, "गाणं बंद पडलंय का? पाय हलतोय, पण चेहरा गाण्यात नाही."

मी मान डोलावली. त्यांनी केस मागे सारले. कानात ऐकण्याचं यंत्र होतं, बंद केलेलं. ते सुरू करत म्हणाले, "इंजिनरूमची कृपा. यातून बोलणं कळतं. गाणं मात्र पत्र्यावर खडी ओतल्यासारखं येतं, म्हणून त्या वेळी बंद करतो. चार वर्षं झाली."

"मग हा सगळा खटाटोप कशाला?"

"जुनी गाणी डोक्यात आहेत, श्वासासकट. ती कुठे जात नाहीत. पण ही नवी पोरं तीच गाणी पुन्हा गातात, ते मी कधी ऐकलेलंच नाही. मूळ गाण्याला माणसाचा चेहरा कसा होतो ते बघतो, मग नव्याला कसा होतो ते बघतो. त्यावरून अंदाज बांधतो." मग केस पुन्हा कानावर ओढत म्हणाले, "कुणाला सांगू नका. कळलं की लोक दयेने चेहरे करतील. मग मला काहीच ऐकू येणार नाही."

मला माझ्या पायाची लाज वाटली.

सुटलेली वायर भाऊंनी सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली. "हे माझं सगळ्यात आवडीचं गाणं. आता एका पोरीने गायलंय. आज चेहरा राहू दे. तोंडाने सांगा, कशी गाते."

तीस वर्षं मुलांना 'तुमच्या शब्दांत सांगा' म्हणत आले आणि माझ्याकडेच शब्द नव्हते. गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"हळू गाते," मी म्हटलं. "मूळच्या बाईपेक्षा खूपच हळू. वाद्यं जवळजवळ नाहीतच. आणि शेवटची ओळ गातच नाही, भाऊ. नुसती बोलते. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तशी."

"बोलते?" भाऊंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. त्यांच्या डोक्यातली ती जुनी बाई बहुतेक हळू गायला लागली होती. 

"परत सांगा," ते म्हणाले.

मी स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.